अक्का, सोमवारचं उत्तर राहिलं

अक्का, रविवारी तू गेलीस आणि मंगळवारी सकाळी आपल्या टेस्टचा बोर्ड सगळा हिरवा होता.

गेले दोन महिने त्या बोर्डावर एक चौकोन लाल, म्हणजे नापास, असायचा. तो तुझा. ऑफिसात शिरले की मी आधी त्याच्याकडे बघून कपाळाला आठी घालायचे आणि मग बॅग ठेवायचे. मंगळवारी तोही हिरवा. कोणीतरी 'सगळं पास' म्हणून ग्रुपवर अंगठाही टाकला होता. मला क्षणभर काही उमगेना, मग डोक्यात तिडीक गेली. सोमवारी आयटीवाल्यांनी तुझं खातं बंद केलं होतं आणि तुझ्या नावावरचं टेस्टचं मशीन काढून घेतलं होतं. तुझ्या टेस्ट त्याच मशीनवर चालायच्या. परीक्षाच झाली नाही, तर नापास कोण होणार? माझा बिघडलेला माउस बदलून द्यायला ज्यांनी पावसाळा घालवला, त्यांनी तुझं नाव काढायला एक दिवस लावला नाही.

मी तुझ्यावर चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला माझ्याकडे खूप आहे, पण भांडण अर्ध्यावर टाकून उठून जाणाऱ्या माणसाबद्दल आधी चांगलं बोलणं मला जमणार नाही.

तू गेल्यावर तुझ्या घरी भेटायला आले तेव्हा भाऊजींनी विचारलं, "तुमचं दोघींचं भांडण नेमकं कशावरनं चाललेलं?" आणि मला धड सांगता येईना. तुझं सगळं आवरायला आलेल्या बायकांसमोर, त्यांच्या कानडी बोलण्याच्या मध्ये, मी 'कामाचंच, भाऊजी' एवढं पुटपुटले. म्हणून आता नीट सांगून बघते. चुकलं तर तू टोकायचीसच.

एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात आपण सॉफ्टवेअरने कितीतरी लहान कॉम्प्युटर उभे करतो. हात लावता येत नाही, पण काम खऱ्यासारखंच करतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण बनवतो ते टूल त्यांच्यावर नजर ठेवतं. कोण धडधाकट आहे, कोण धापा टाकतंय, कोण बंद पडलं. बंद पडलं की बोंब मारायची. आता कधीकधी एखादं मशीन चालू असतानाच एका मोठ्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर हलवतात. त्या वेळी आपल्या टूलमध्ये दोन कामं एकदम निघतात. एक जण नव्या घरचं नाव यादीत घालतो, दुसरा जुन्या घरचं काढतो. यादी एकच, मशीनचं नावही एकच. काढणारा आधी आला तर सगळं ठीक. पण घालणारा आधी पोचला आणि काढणारा रेंगाळत मागून आला, तर तो नुकतंच घातलेलं नाव खोडून मोकळा होतो. मशीन चालू आहे पण यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. पुढे ते बंद पडलं तरी कोणाला पत्ता लागणार नाही. कोण आधी पोचतो यावर सगळं अवलंबून, म्हणून या प्रकाराला रेस कंडिशन म्हणतात.

कोड मी लिहिलेला. तो तपासायचं काम तुझं.

तू हे किती सोपं करून सांगितलं होतंस. "लग्न होऊन निपाणीहून मल्लेश्वरमला आलो," तू म्हणालीस, "तवा माहेरच्या रेशनकार्डावरनं माझं नाव कमी केलेत. खरं इथल्या कार्डावर चढवायला विसरलेत. वर्षभर मी कुठंच नव्हतो बघ. जेवायलो मात्र रोज." आणि स्वतःच खो खो हसलीस.

तुमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे मला तुझ्याकडून कळलं. मी पहिल्यांदा हसले तेव्हा तू लगेच परतफेड केलीस. "आणि तुम्ही? करून राहिली, बसून राहिली, जेवून राहिली. नागपूरवाल्यांचं काम संपतंय तरी कधी?" माझं बंगळूरमधलं पहिलं वर्ष अशाच टोमण्यांवर निघालं. जयनगरचं घर तू शोधून दिलंस, घरमालकिणीशी कानडीत तासभर बोलून मला फक्त 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत मान हलवायला लावलीस. त्या बाईला मी अजूनही सगळ्यालाच 'सरी' म्हणते आणि ती मला फार गुणाची समजते.

मूळ भांडण तुझ्या पद्धतीवरून होतं. माझं म्हणणं, टेस्ट पुन्हा पुन्हा चालवू, चूक असेल तर कधीतरी दिसेल. मी चालवली. कॉम्प्युटर तापून निघाला, एकदाही नाव गळलं नाही. तू म्हणालीस, असं गर्दीत उभं राहून चोर सापडत नसतो. ज्या फटीतून चूक शिरते ती फट आधी रुंद कर. आणि तू काढणाऱ्याच्या वाटेत मुद्दाम एक थांबा घातलास. काढायला निघायचं, पण जरा दम खायचा. तेवढ्यात घालणारा पोचणार. झालं, दर वेळी नाव गळायला लागलं आणि बोर्डावर तुझा चौकोन लाल झाला.

"अक्का, तू पाय आडवा घालते आणि वर म्हणते माणूस पडला!" मी ओरडले.

"पाय मी घातलो, खरं तोल तुझाच जायलाय."

"पण रस्त्यात पाय घालणार कोण?"

"कोणीपण. नेटवर्क घालंल, डिस्क घालंल. तुला विचारून घालायचेत काय ते?"

मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. थांबा न घालता ती चूक दाखव, एवढीच माझी मागणी होती. न दिसलेल्या गोष्टीसाठी चालता कोड उघडायचा नाही, हा माझा नियम आहे आणि तो काही मी आळसापोटी केलेला नाही. दर दुरुस्तीबरोबर एखादी नवी चूक आत येते, हे आपण दोघींनी पाहिलेलं आहे. मग मी एक उपाय केला. कोडमध्ये जागोजागी ओळी टाकल्या, कोण कधी आला, कोण कधी गेला हे छापत राहणाऱ्या. आणि गंमत बघ, त्या छापण्यात इतका वेळ जायला लागला की दोघांची चालच बदलली. तुझा थांबा असूनही नाव गळेना. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, बघ, नाहीच आहे काही. तू डबा उघडत होतीस. "बघायला गेलं की गप्प बसतंय. चोर पकडायला निघालीस ते टॉर्च लावून, वाजतगाजत," म्हणालीस आणि माझ्या पोळीवर न विचारता कारळ्याची चटणी वाढलीस.

मागे एका रविवारी तू मला जेवायला बोलावून जे केलंस ते मी जन्मात विसरणार नाही. जेवण राहिलं बाजूला, आधी दोन स्टीलचे डबे मांडलेस. एका डब्यात लिंबू. कागदावर लिहिलंस, 'लिंबू, डबा पहिला'. मला घालणारी केलंस, भाऊजींना काढणारा. बिचारे पेपर वाचत होते, त्यांच्या हातात पेन्सिल दिलीस. लिंबू दुसऱ्या डब्यात टाकलंस आणि म्हणालीस, चला. मी लगबगीने कागदावर 'डबा दुसरा' करून टाकलं. भाऊजी उठले तर तू त्यांचा हात धरलास. "स्वल्प थांबा." मग सोडलास. त्यांनी इमानदारीत लिंबाचं नाव खोडलं.

"लिंबू कुठाय?" तू विचारलंस.

"डब्यात," भाऊजी म्हणाले.

"कागदावर?"

"नाही की. मीच काट मारलो."

तू माझ्याकडे असं बघितलंस की जसं काही पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध केलंस. मी म्हणाले, हात धरला म्हणून झालं, हात धरायला घरी बायको असते, सर्व्हरमध्ये नसते. भाऊजी म्हणाले, "मला विचाराल तर हिचा हात सगळीकडं असतोय." आणि मग आपण तेच लिंबू पिळून जेवलो.

तू जायच्या आधीच्या शुक्रवारी मात्र तुझा नूर वेगळा होता. दिवसभर तू माझ्याशी भांडली नाहीस, यावरूनच मला संशय यायला हवा होता. संध्याकाळी आपण गेटपाशी उभ्या होतो. तू ओठ दाबून हसत म्हणालीस, "सापडलं बघ. थांबा न घालता कसं होतंय ते सापडलं."

"कसं?"

"सोमवारी सांगतो."

"आत्ता सांग ना. काहून छळून राहिली?"

"बस आली." आणि चढलीस. खिडकीतून हात केलास आणि बोट ओठांवर ठेवून दाखवलंस, म्हणजे सोमवारी तुला गप्प करते. मी घरी फोन करून विचारू शकले असते. शनिवारी हातात फोन घेऊन दोनदा तुझं नाव काढलंही. पण म्हटलं, एवढा भाव खातेय तर खाऊ दे, सोमवारी बघू. रविवारी सकाळी नाश्ता करून जरा पडते म्हणून तू खोलीत गेलीस आणि उठलीच नाहीस.

कोणी सोमवारवर गोष्ट टाकून असं जातं का, अक्का?

भाऊजींना मी विचारलं. लाज वाटत होती, पण विचारलं. ते म्हणाले, "शुक्रवारी घरात आली ती हसतच. सोमवारी रश्मीला गप्प करतो म्हणाली. काय ते मी विचारलो नाही बघ. मला कुठं कळतंय त्यातलं." आणि मग, "विचारायला पाहिजे होतं काय?" मी नाही म्हणाले. त्या माणसाला मी आणखी काय सांगणार होते.

तू लिहून ठेवणाऱ्यांतली नव्हतीस. तुझं सगळं तोंडी. माझा कोड मला मोठ्याने वाचायला लावायचीस आणि दर ओळीला थांबवायचीस. "इथं दुसरा आला तर? बरं, इथं आला तर?" मी वैतागून म्हणायचे की दुसऱ्याला काही कामधंदा नाही का, सारखा मध्ये यायला. तरी वाचायचे. तुझा लॅपटॉप आयटीवाल्यांनी कोरा करून टाकला हे कळलं तेव्हा मी त्यांच्याशी भांडले, पण त्यातही काही मिळालं नसतं हे मला माहीत होतं.

आता बुधवारचं ऐक. आपल्याकडे रिवाज आहे की ज्याने तिकीट उघडलं, म्हणजे चुकीची तक्रार नोंदवली, त्यानेच ते बंद करायचं. चूक आहे असं म्हणणाऱ्याचं समाधान झालं, तरच प्रकरण मिटलं. तुझं तिकीट तूच बंद करू शकतेस. मग तू नसताना ते बंद कसं होणार? विनयने, आपल्या मॅनेजरने, साधा उपाय काढला. तुझी सगळी तिकिटं माझ्या नावावर केली. म्हणजे माझ्या कोडवर तू केलेल्या तक्रारीची तक्रारदार आता मी. आरोपीलाच फिर्यादी केलं आणि वर विचारलं, समाधान झालं का?

"देखो रश्मी, अब तो सब ग्रीन है," तो म्हणाला. तो वाईट माणूस नाही, तुझ्या घरी आला होता, बराच वेळ बाहेर चपलांपाशी उभा होता. "फ्रायडे को बोम्मसंद्रा वालों को रिलीज देना है. 'रिप्रोड्यूस नहीं हुआ' लिखके क्लोज कर दो."

"ग्रीन इसलिए है कि टेस्ट चल ही नहीं रहा."

"पर तुम ही तो दो महीने से बोल रही थी कि ये बग नहीं है."

बोलत होतेच मी. तेच शब्द त्याने माझ्यापुढे ठेवले तेव्हा मला त्याचा इतका राग आला की मी खुर्ची मागे सारून उठले. तुझ्याशी भांडण्यासाठी ठेवलेले माझे मुद्दे दुसऱ्या कोणी वापरायचे नाहीत. तू समोर बसून ते खोडत होतीस तोवर ते मुद्दे होते. तू नसताना ते फक्त कामातून सुटायची सबब झाले.

आणि बोम्मसंद्र्याचा तो औषधांचा कारखाना तू कधी विसरू दिला नाहीस. त्यांच्या थंड खोल्यांचं तापमान ज्या मशीनवरून कळतं, त्यांवर आपलं टूल नजर ठेवणार. मी म्हणायचे, कोटीत एखादी वेळ. तू म्हणायचीस, त्या एका वेळी आत कोणाचं औषध असंल ते तुला ठाऊक आहे काय?

मी आयटीच्या मुलाकडे गेले आणि तुझं मशीन परत मागितलं. "मॅडम, स्वल्प टाइम बेकु," तो म्हणाला. वेळ लागेल म्हणजे किती, तर त्याला माहीत नाही. शेवटी तुझ्या टेस्ट मी माझ्या मशीनवर चढवल्या. त्या सगळ्यांसाठी ठेवलेल्याच होत्या, चालवायला फक्त जागा नव्हती. चालवल्या आणि तुझा चौकोन लाल झाला. भर ऑफिसात मला रडू आलं, अक्का. दोन महिने ज्याला शिव्या घातल्या तो लाल चौकोन बघून मी ओढणीने तोंड पुसत बसले आणि शेजारचा पोरगा पाणी आणायला धावला.

मग तुझं उत्तर शोधायला बसले. बुधवार गेला, गुरुवारची दुपार गेली. मीच माझा कोड मोठ्याने वाचला, मीच दर ओळीला थांबले, इथं दुसरा आला तर म्हणून मीच विचारलं. आजूबाजूचे लोक बघत होते, बघोत. काही शक्यता सापडल्या. जुना कॉम्प्युटर ऐन वेळी दुसऱ्याच कामात अडकला तर? काढायचा निरोप एकदा हरवून दुसऱ्यांदा आला तर? दर शक्यतेला माझ्याकडे उत्तर होतं, आणि त्या उत्तरावर तू काय म्हणाली असतीस ते नव्हतं. यातलीच एखादी तुझी होती, की तुझं काही वेगळंच होतं, जे मला सुचतच नाही? मी डोकं फोडून घेतलं. तुझ्याएवढं संशयाने माझं लिखाण कोणी वाचलेलं नाही, मला स्वतःलाही ते तसं वाचता येत नाही. इतक्या वर्षांत याबद्दल तुझे आभार मानायचं माझ्या मनातही आलं नाही. उलट मी तुला काड्या घालणारी म्हणायचे, आणि तू ते आवडीने मिरवायचीस.

गुरुवारी संध्याकाळी माझ्यापुढे दोनच वाटा उरल्या. कोड आहे तसा पाठवायचा आणि बघत बसायचं. कधी एखादं मशीन खरोखर यादीतून गळलं, तर तू जिंकलीस. वर्षानुवर्षं काहीच झालं नाही, तर मी. भांडणाचा निकाल लावायचा तेवढाच रस्ता होता. पण निकालासाठी कारखान्याच्या थंड खोल्या पणाला लावायच्या, हे माझ्यासारख्या हट्टी बाईलाही जमण्यासारखं नव्हतं.

दुसरी वाट दुरुस्तीची. दुरुस्ती तरी केवढी, एका ओळीची. नाव खोडायच्या आधी बघायचं, हे अजून जुन्याच घरचं आहे का. नव्या घरचं असेल तर हात लावायचा नाही. मी ती ओळ लिहिली. तुझ्या थांब्यासकट टेस्ट चालवली, एकदा, मग परत, मग परत. नाव टिकलं. तुझा चौकोन हिरवा झाला, या वेळी खराखुरा. तिकीट बंद केलं. शुक्रवारी रिलीज गेलं. विनयने मला 'थँक्स' लिहिलं आणि बऱ्याच वेळाने खाली तुझं नाव लिहिलं.

आज परत रविवार आहे आणि मी सकाळपासून धुमसते आहे. ती ओळ लिहून मी काय केलं ते तुझ्या लक्षात आलं ना? आता ती चूक कधीच होणार नाही. म्हणजे ती खरोखर होणार होती की नव्हती, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. पुरावा मी माझ्या हातांनी बुजवला. विनय म्हणेल अक्का बरोबर होत्या, भाऊजीही तसंच समजतील, आणि मी मान डोलवेन, कारण गेलेल्या माणसाशी वाद घालणारी बाई लोकांना बरी दिसत नाही.

पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? थांबा न घालता ते होत नव्हतं. मला अजूनही वाटतं, माझंच बरोबर होतं. खोडून काढ की, अक्का.